मागं उभं राहा, ताई

माझ्या पिकअपला मागे जी ट्रॉली लागते, तिच्या सगळ्या वायरी काळ्या आहेत. तांबडी नाही, पिवळी नाही, हिरवी नाही. प्रत्येक वायरीच्या टोकाशी मेण लावलेल्या दोऱ्याच्या गाठी आहेत. एक गाठ म्हणजे टेललाइट, दोन म्हणजे डावा इंडिकेटर, तीन म्हणजे उजवा, चार म्हणजे ब्रेकचा दिवा. जिला गाठ नाही ती अर्थिंगची. परवा तळेगावातल्या एका मेकॅनिकने सॉकेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि मला विचारलं, की मॅडम, ही करणी कुणाची? मी म्हटलं, गाठी मोजा आणि काम करा. तो बिचारा मोजायला लागला.

करणी आबांची. वडगावला बाजारातून कोर्टाकडे जाताना डाव्या हाताला एक पत्र्याची शेड होती, तिथे ते गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचे. रोज सकाळी लोणावळ्याहून लोकलने यायचे आणि अंधार पडायच्या आत परत जायचे. त्यांचं नाव मला ठाऊक आहे, पण ते त्यांना आवडायचं नाही, म्हणून इथेही राहू दे.

मी भाताच्या गिरणीवाली. आमच्या बायकांच्या बचत गटाने एक छोटी भात भरडायची गिरणी घेतली, ती ट्रॉलीवर बसवली आणि ओढायला एक जुना पिकअप घेतला. गाडी चालवायला गटात दुसरं कुणी तयार होईना म्हणून ती माझ्या गळ्यात पडली. दिवाळीच्या आगेमागे मावळात घरोघरी इंद्रायणी भात वाळत पडलेलं असतं. आम्ही गावोगाव फिरायचं, अंगणात गिरणी लावायची, तांदूळ करून द्यायचा आणि पुढच्या गावाला जायचं. नवरा कंपनीत, मुलगा हॉस्टेलला. मला घरी बसून कुणाची वाट बघायचा कंटाळा होता, त्यापेक्षा हे बरं.

आबांकडे मी पहिल्यांदा गेले ती चार मेकॅनिक करून. ट्रॉलीच्या दिव्यांनी नुसता उच्छाद मांडला होता. ब्रेक दाबला की डावा इंडिकेटर मिणमिणायचा. डावा इंडिकेटर लावला की टेललाइट उघडझाप करायचे. पुढचे हेडलाइट लावले की मागे सगळं ठप्प. एकाने बल्ब बदलले, दुसऱ्याने सॉकेट बदललं, तिसऱ्याने फ्यूज. चौथ्याने सांगितलं, गाडीच बदला.

आबांनी बल्बकडे बघितलंसुद्धा नाही. पांढरा शुभ्र शर्ट, पांढरा लेंगा, आणि धंदा कसला तर ग्रीसमधला. ते तसेच माझ्या धुळीने भरलेल्या सीटवर चढून बसले आणि खिडकीतून म्हणाले, “मागं उभं राहा, ताई.”

मी म्हटलं, मी गाडी दुरुस्त करायला आणली आहे, पहारा द्यायला नाही. ते स्टिअरिंगवर हात ठेवून गप्प बसले. तसा माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. मी बोलून दमेपर्यंत ते बसून राहिले, आणि मग मी मागे जाऊन उभी राहिले. ते एकेक बटण दाबत होते आणि मी काय लागतंय ते ओरडून सांगत होते. ‘बरोबर आहे’ म्हटलेलं त्यांना चालायचं नाही. कुठला दिवा, कुठल्या बाजूचा, पूर्ण की मंद, सगळं बोलायला लावायचे. निम्मा बाजार मला ऐकत होता.

मग ते खाली उतरले आणि त्यांनी एकच प्रश्न विचारला. दसऱ्याला ट्रॉलीला रंग दिला का?

दिला होता तर. आम्ही सगळ्याजणींनी मिळून दिला होता. दसऱ्याला लोक गाडी धुतात, हार घालतात, लिंबू बांधतात. आम्ही त्यावर कडी केली होती. ऑइलपेंटचा डबा आणून ट्रॉली नखशिखांत तांबडी केली होती, हूक, पिन, नटबोल्ट काही सोडलं नव्हतं. बाजूला आमच्या गटातल्या एकीने पिवळं कमळ काढलं होतं. आबांनी खिशातून पातं काढलं आणि त्या कमळाची खालची पाकळी सरळ खरवडायला घेतली. पाकळीखाली एक बोल्ट होता, त्याच्याखाली अर्थिंगची वायर होती, आणि बोल्ट, वायर, पत्रा सगळ्याला रंगाचे तीन थर. मी चिडले. त्या कमळावर बाईचा एक अख्खा दिवस गेला होता.

“करंट दिव्यापर्यंत वायरीनं जातो,” ते खरवडत म्हणाले. “जळतो, आन् पत्र्यावरनं घरला परत येतो. तुमी त्याच्या दाराला रंग मारून दार बंद केलंय. मग तो दुसऱ्याच्या घरात शिरतो. ब्रेकचा इंडिकेटरमदी जातो, इंडिकेटरचा टेललाइटमदी. चूक त्याची न्हाई.”

पत्रा चकचकीत झाला, बोल्ट आवळला, आणि मी मागे उभी राहून सांगितलं की सगळं जिथल्या तिथे लागतंय. हूकमधून करंट परत येईल यावर भरवसा ठेवायचा नसतो म्हणून त्यांनी एक जादा काळी वायर थेट बॅटरीपर्यंत ओढली. तिला गाठ मारली नाही. ती परत येणारी आहे, तिला बांधायचं नसतं, असं काहीसं ते पुटपुटले. तेव्हापासून मी त्यांची भक्त झाले.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: रंगावर जाऊ नका. वायरीच्या बाबतीत म्हणायचेच, पण इतर वेळीही म्हणायचे. शेडसमोर हातगाडीवर आंबे आले की सगळे पिवळे बघून उचलायचे. आबा डोळे मिटून देठ हुंगायचे. कुणी मुलीसाठी स्थळ बघून आला आणि मुलगा सावळा आहे म्हणाला, की आबा हातातली पकड न थांबवता तेच वाक्य टाकायचे. मला ते फार थोर वाटायचं. गटाच्या सभेत मी ते दोनदा वापरलं, आणि एकदा टाळ्याही मिळाल्या.

नवी गाडी त्यांच्याकडे नेली तर हात लावायचे नाहीत. दहा-पंधरा वर्षं झाल्याशिवाय गाडीला अक्कल येत नाही, असं सांगायचे आणि कंपनीच्या वर्कशॉपला पाठवायचे. त्यांना स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, लायसन्सही नव्हतं. कुठल्याही गाडीत बसून ब्रेक दाबणार, पण ती गाडी एक इंच पुढे नेणार नाहीत. आमच्या गटाने एकदा कौतुकाने त्यांना शर्टपीस दिला, चांगला गर्द हिरवा. त्यांनी तो हातात घेतला, कापड चांगलं आहे म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून बदलून पांढरा आणला. शेडमध्ये कायम बसलेला एक दुधाचा टेम्पोवाला असायचा. सकाळचं दूध घालून झालं की तो तंबाखू मळत तिथल्या टायरवर बसायचा, काम असो वा नसो. तो म्हणायचा की आबा जरा येडं हाय, पण आपलं हाय. मलाही तसंच वाटायचं. लहरी माणूस म्हटला की आपण त्याच्या सगळ्या लहरी एका गाठोड्यात बांधून ठेवतो, कुठली कशातून आली ते बघत बसत नाही.

ती गाठ सुटली ती एका म्हशीमुळे. इंदुरीत एका घरी गिरणी चालू असताना म्हशीने पाठ खाजवायला ट्रॉलीचा कोपरा निवडला आणि डाव्या टेललाइटची काच फोडली. दुसऱ्या दिवशी मी सकाळीच आबांकडे गेले. आभाळ भरून आलेलं, इंदुरीत एका अंगणात भात पसरून ठेवलेलं, आणि तिथून फोनवर फोन. आबांनी फळीवरचा डबा काढला, त्यातून एक गोल काच शोधली, बसवली, स्क्रू आवळले, आणि सवयीने गाडीत चढायला निघाले.

“मागं उभं राहा, ताई.”

मी म्हटलं, आज राहू दे, आबा. एका काचेसाठी काय उभं राहायचं. ते म्हणाले, एक मिनिट लागेल. मी म्हटलं, माझ्याकडे ते मिनिट नाही, पाऊस येईल आणि लोकांचं भात भिजेल. ते पायरीवर एक पाय ठेवून थांबले होते. मी त्यांना जवळजवळ बाजूला सारून गाडीत बसले आणि निघाले. आरशात ते तसेच उभे दिसत होते. टेम्पोवाला टायरवर होता.

पाऊस आलाच नाही. संध्याकाळी इंदुरीहून वराळ्यावरून परत येत होते. कंपन्यांची पाळी सुटली होती, रस्त्यावर मोटारसायकली. आरशात मागून येणारा एक दिवा दिसत होता, आणि एकाएकी तो दिसेनासा झाला. मी गाडी थांबवून मागे धावले. रस्त्याकडेच्या भाताच्या खाचरात एक तरुण मुलगा चिखलातून उठत होता. कोपर सोलवटलं होतं, बाकी धड होता. तो शिव्या देत वर आला आणि ट्रॉलीकडे बोट दाखवून म्हणाला, “मावशी, ह्यो हिरवा दिवा कशाला लावलाय? मला वाटलं, पुढं नुसती एक टू-व्हीलर हाय. मी डावीकडनं काढाय गेलो.”

मी बघितलं. उजवीकडे तांबडा टेललाइट, डावीकडे हिरवा. ट्रक सजवायला लावतात तसा, गर्द, गोड हिरवा.

तो आणि ट्रॉली यांच्यात हातभर अंतर होतं. त्याने हँडल वळवलं नसतं तर तो ट्रॉलीच्या कोपऱ्यावर आला असता, आणि आज मी हे लिहीत बसले नसते. त्याच्या कोपराला मी माझा रुमाल बांधला, हिरव्या दिव्यावर तांबडी कॅरीबॅग ताणून बांधली. तो भला मुलगा वडगावच्या फाट्यापर्यंत माझ्या मागे आपला दिवा लावून आला.

सकाळी मी ती काच काढून आबांच्या शेडवर गेले. रात्रभर मनात जे जे जमवलं होतं ते सगळं मी तिथे ओतलं. दोन टेम्पोवाले होते, कोर्टातल्या एका वकिलाचा कारकून होता, दुधाचा टेम्पोवाला टायरवर होताच. मी म्हटलं, एक पोरगा मेला असता. आबांचा चेहरा पडला. मला तेवढ्याने बरं वाटलं नाही. मी काच त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, “हिचा रंग कुठला आहे? सगळ्यांसमोर सांगा.”

आबांनी काच अंगठ्याने पुसली. उजेडाकडे धरली. मग त्यांची नजर काचेवरून उठली आणि आमच्या चेहऱ्यांवरून फिरायला लागली. माझ्याकडे, कारकुनाकडे, परत माझ्याकडे. वर्गात उत्तर येत नसलं की मूल शेजारच्यांच्या तोंडाकडे बघतं, तशी. साठीच्या पुढचा माणूस होता तो.

मला एका क्षणात सगळं कळलं. गाठी, पांढरे कपडे, आंब्याचं देठ, हिरवा शर्टपीस. मागं उभं राहा, ताई.

राग गेला असं म्हणणार नाही. तो होताच. पण त्याच्या आत दुसरं काहीतरी शिरलं, आणि मला आठवलं की पायरीवर एक पाय ठेवून ते थांबले होते आणि मी निघून गेले होते. हा माणूस आता काय बोलेल, आणि त्यानंतर या बाजारात त्याच्याकडे गाडी कोण आणेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी काच त्यांच्या हातातून काढून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, की मीच घाईघाईत ही दुकानातून आणली होती, आणि मागे उभीही राहिले नाही. चूक माझी.

कारकून म्हणाला, मग आबांवर कशाला ओरडता. दुधाच्या टेम्पोवाल्याने माझ्याकडे बघितलं, तंबाखू थुंकला, आणि नवा मळायला घेतला.

दुपारी सगळे गेल्यावर आबांनी मला बसवलं. त्यांचे वडील रेल्वेत गँगमन होते, घाटात रुळांवर काम करायचे. मुलाने सिग्नलच्या खात्यात लागावं ही त्यांची इच्छा. आबा लेखी परीक्षा पास झाले, आणि डॉक्टरी तपासणीत रंग ओळखता येतात का ते बघायला त्यांच्यापुढे एक पुस्तक ठेवलं.

“नुसते ठिपके,” आबा म्हणाले. “डॉक्टर म्हणला, आकडा वाच. मागंपुढं उभी पोरं फडाफडा वाचत हुती. मला वाटलं माझी चेष्टा चाललीय.”

घरी त्यांनी खरं सांगितलं नाही. छाती कमी भरली म्हणून सांगितलं. वडिलांनी मग वर्षभर घरात अंडी आणली, दूध लावलं, पहाटे उठवून जोर काढायला लावले. आबांनी ती सगळी अंडी खाल्ली. पुन्हा अर्ज करायची वेळ आली तेव्हा नोकरी नकोच म्हणून भांडून घराबाहेर पडले आणि एका ओळखीच्याच्या गॅरेजमध्ये लागले.

“वडील गेले तरी त्यांना वाटत हुतं, पोराची छाती कमी,” ते म्हणाले आणि हसले. मला हसता आलं नाही.

सगळी कामं सोडून वायरीचंच काम का धरलं, असं मी विचारलं. ते म्हणाले, जुन्या गाडीत सगळ्याच वायरी मातीच्या रंगाच्या झालेल्या असतात. तिथे ते आणि डोळस माणूस सारखेच. तिथे वायर टोकापासून टोकापर्यंत हाताने चाचपतच जावं लागतं, आणि ते त्यांना इतरांपेक्षा जास्त येत होतं. काचांचे डबे दुकानदार भरून द्यायचा, त्यात कधी चूक झाली नव्हती. झाली असती तर मागे उभा असलेला माणूस बोललाच असता.

मग ते म्हणाले की शेड बंद करतो. काल पोरगं चिखलात पडलं, उद्या रस्त्यावर पडेल. मी त्यांना ‘जाऊ द्या’ म्हटलं नाही, कारण जाऊ देण्यासारखं ते नव्हतंच. मी म्हटलं, नियम तुमचा होता, मोडला मी. नियम बंद करू नका, वाढवा.

आठ दिवस शेडला कुलूप होतं. मी रोज त्यावरून जात होते आणि रोज मला वाटत होतं की त्या सकाळी तोंड आवरलं असतं तर बरं झालं असतं. नवव्या दिवशी शेड उघडी होती आणि दारावर पाटी होती, पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत. ‘गाडी नेण्याआधी मालकाने मागे उभे राहून प्रत्येक दिवा बाजू व रंगासह मोठ्याने सांगावा. घाई असल्यास दुसरीकडे जावे.’ लोक वाचून हसले. आबा आता पुरते बिघडले असं म्हणाले, आणि मागे उभे राहून सांगायला लागले. डावा, पिवळा. उजवा, पिवळा. ब्रेक, तांबडा. कोर्टात आलेले लोक ऐकत उभे राहायचे. काचांचे डबेही नीट लागले, तांबड्या वेगळ्या, पिवळ्या वेगळ्या, हिरव्या कुठेच नाहीत. कसे लावले ते मी विचारलं नाही. हे गुपित जगात माझ्या एकटीकडे आहे याचा, खरं सांगायचं तर, मला थोडा अभिमान होता. कुणी आबांच्या पाटीची टिंगल केली की मी पुढे होऊन विषय बदलायची.

पुढे कितीतरी हंगाम असे गेले. मग त्यांचे गुडघे गेले आणि गाडीखाली शिरणं जमेना. शेड सोडायची ठरली तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, की दसऱ्याचा रंग देऊन झाला असेल तर ट्रॉली घेऊन या, शेवटची तुमचीच बघतो. मी रंग दिलेला होता, पण बोल्ट आधीच चिकटपट्टीने झाकून ठेवला होता. आबांनी बोटाने बोल्ट चाचपला आणि मान डोलावली. गाठी मोजल्या. मग मी नेहमीसारखी मागे जायला निघाले तर ते म्हणाले, “आज तुमी गाडीत बसा. मी मागं उभा राहतो.”

मी बसले. आरशात ते ट्रॉलीमागून बाजूला सरकलेले दिसत होते, पांढरे, थोडे वाकलेले. शेडसमोर चार-पाच जण होते, निरोप द्यायला आलेले आणि नुसतेच रेंगाळणारे. मी ब्रेक दाबला.

मग आबांचा आवाज आला, चांगला मोठा, पाटीवर लिहिलं होतं तसा.

“डावा लागला. उजवा लागला. दोनी पूर्ण हायत.” ते थांबले. “रंग मला दिसत न्हाई, ताई. कदी दिसलाच न्हाई.”

मी आरशात बाकीच्यांचे चेहरे शोधायला लागले. कुणीही मान वळवली नव्हती. दुधाचा टेम्पोवाला टायरवर बसून तंबाखू मळत होता. त्याने मान वर न करताच, रोजचं काहीतरी सांगावं तसं सांगितलं, “तांबडे हायत, आबा. दोनी तांबडे हायत. आमी बगतोय की.”

मी ब्रेकवरचा पाय बराच वेळ काढला नाही.